झायनला पाऊण तास पुरत नाही : बेळगाव परिसरातील सहल आयोजकांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, चिकोडी आणि निपाणी भागातून परदेशी सहली नेणारे सर्व आयोजक व टूर मॅनेजर यांस

सप्रेम नमस्कार.

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच तुमची माहितीपत्रकं घरोघर पोचू लागतात. मुलं बंगळूर-पुण्याहून पुढे अमेरिकेला गेलेली, आईवडील साठी ओलांडलेले, गाठीला निवृत्तीचे चार पैसे, अशी घरं आता टिळकवाडीत, शहापुरात, वडगावात गल्लोगल्ली आहेत. निपाणी-संकेश्वरकडेही कमी नाहीत. या लोकांना धीर देऊन तुम्ही इतक्या लांब नेता, त्यांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळता, जेवणात वरण-भात मिळेल असं बघता. हे काम सोपं नाही. मला त्याबद्दल मनापासून आदर आहे आणि म्हणूनच हे सारं कुठे तक्रार म्हणून न मांडता तुम्हालाच लिहितो आहे.

असंच एक पत्रक माझ्यासमोर आहे. अकराव्या दिवसापुढे त्यात एकच ओळ आहे : लास व्हेगास, झायन नॅशनल पार्क, परत. झायन म्हणजे अमेरिकेच्या युटा राज्यातल्या वाळवंटातली एक अरुंद दरी आणि भोवतीचं राष्ट्रीय उद्यान. मला त्या एका ओळीबद्दल बोलायचं आहे.

जून २०१६ मध्ये आम्ही दोघं अशाच एका सहलीत होतो. बसमध्ये अडतीस माणसं, बहुतेक बेळगाव, गडहिंग्लज, कोल्हापूरकडची. सकाळी आठला निघायचं होतं, नाश्त्याच्या रांगेतच नऊ वाजले. झायन तिथून अडीच-तीन तासांवर. पोचलो तेव्हा आमच्या घड्याळात बारा वाजायला आले होते आणि उद्यानाच्या घड्याळात एक, कारण नेवाडातून युटा राज्यात शिरलं की घड्याळ तासभर पुढे जातं. आमच्या टूर मॅनेजरला हे तिथे गेल्यावर कळलं. दुसरी गोष्टही तिथेच कळली. ज्या दरीसाठी एवढं आलो, तिच्यात आमची बस जाऊच शकत नव्हती. हंगामात तो रस्ता बाहेरच्या गाड्यांना बंद असतो, उद्यानाच्या शटल बसनंच आत जावं लागतं. त्या बसची रांग उन्हात वळसे घेत लांबवर गेली होती. 'इथंच फोटो काढून घ्या, पाऊण तासात निघू या,' असं आम्हाला सांगण्यात आलं.

त्या मुलाला मी दोष देत नाही. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचं पोर होतं ते. संध्याकाळच्या शोची तिकिटं आणि अडतीस माणसांचं जेवण त्याच्या डोक्यावर होतं. कार्यक्रम त्यानं आखलेलाच नव्हता.

आम्ही दोघं नदीकाठच्या सपाट, पक्क्या वाटेनं थोडं चाललो. ऊन चाळीस अंशांचं. बेळगावात एप्रिलमध्ये कितीही तापलं तरी संध्याकाळी वळीव येतो, आणि उन्हात अंगाला घाम येतो तो दिसतो. वाळवंटात घाम दिसतच नाही, सुटल्या सुटल्या वाळून जातो. सदरा कोरडा राहतो म्हणून माणसाला वाटतं, आपल्याला ऊन बाधत नाही. माझी बायको सकाळपासून पाण्याला शिवली नव्हती. 'अहो, पाणी पिलं की मग गाडी थांबवा म्हणून कुणाला सांगू?' असं तिनं मला बसमध्येच सांगितलं होतं, आणि मी ते ऐकून सोडून दिलं होतं. आपल्या पिढीतल्या बायका प्रवासात असंच करतात हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक असेल. पंधरा मिनिटांत तिचे ओठ पांढरे पडले, जीभ अडखळायला लागली आणि एका कॉटनवुडच्या झाडाखाली ती मटकन खाली बसली.

उद्यानाची एक स्वयंसेवक बाई वाटेनं येत होती. तिनं आधी आपल्या बाटलीतल्या पाण्यानं हिची ओढणी भिजवली, पिळली नाही, तशीच ओली डोक्यावरून मानेभोवती गुंडाळली. मग घोटघोट पाणी, आणि मध्ये मध्ये खारी बिस्किटं. गटागट पिऊ देऊ नका, नुसतंच पाणी पीत राहिलं आणि अंगातलं मीठ कमी झालं तर त्यानंही माणूस आजारी पडतो, असं ती मला हळू, सोप्या इंग्रजीत समजावत होती. वीस मिनिटांनी ही सावरली. डोळे नीट उघडल्यावर पहिलं वाक्य काय असेल? 'बस गेली नाही ना?'

परतताना गाडीत सगळे झोपले होते. अडतीसांपैकी एकानंही झायन पाहिलं नव्हतं.

आता दुसरी बाजू सांगतो, कारण तिच्यासाठीच हे पत्र आहे. आमची धाकटी लेक सॉल्ट लेक सिटीला असते. सप्टेंबर २०१८ मध्ये ती म्हणाली, आई, परत जाऊ या तिथं. ही तयार होईना. लेकीनं तिला एकच शब्द दिला : घाई कुणी करणार नाही.

उद्यानाच्या दाराला लागूनच स्प्रिंगडेल नावाचं छोटं गाव आहे. तिथे दोन रात्री राहिलो. गाडी मुक्कामालाच ठेवली. गावातली बस धरून दारापर्यंत गेलो आणि आत गेल्यावर दरीतली बस धरली. वेगळं तिकीट नाही, आरक्षण नाही, दर काही मिनिटांनी एक बस. वाटेल तिथं उतरा, फिरा, पाय दुखले की परत चढा. थांब्याथांब्यावर नकाशा, आणि बऱ्याच ठिकाणी पाणी भरायची सोय नि स्वच्छतागृह. कुठल्या थांब्यावर ती आहेत हे लेकीनं आईला सकाळीच नकाशावर दाखवून ठेवलं. त्या दिवशी ही दिवसभर पोटभर पाणी प्याली. मला विचाराल तर सहलीचं अर्धं यश तेवढ्यात होतं.

ही बस काही पहिल्यापासून नव्हती. १९१९ सालचं हे राष्ट्रीय उद्यान. व्हर्जिन नदीनं कोरलेली अरुंद दरी, दोन्ही बाजूंना सहाशे-सहाशे मीटरचे कडे आणि मधून जेमतेम दहा किलोमीटरचा, पुढे कुठेच न जाणारा रस्ता. १९९७ मध्ये वर्षाला २४ लाख माणसं येऊ लागली होती. गाड्या उभ्या करायला जागा उरेना, तेव्हा लोक त्या रस्त्याकडेच्या झाडोऱ्यात घालू लागले. पावसाळ्यातल्या रविवारी आंबोलीच्या धबधब्यापाशी तीन तास अडकलेल्या माणसाला याचं वेगळं वर्णन नको. २००० साली त्यांनी दरीत शटल सुरू केली आणि हंगामात बाकीच्या गाड्या बाहेर ठेवल्या. २०२१ मध्ये पर्यटकांचा आकडा ५० लाखांवर गेला. तरीही दरीत उभं राहिलं की नदीचा आवाज येतो. आम्ही गेलो तेव्हा बस प्रोपेन गॅसवर चालत, २०२४ मध्ये सगळा ताफा विजेवर गेला. म्हणजे तुमची बस आत जात नाही ही अडचण नाही. त्यामुळेच तर तिथं काही पाहण्यासारखं उरलं आहे. तुमच्या पत्रकात मात्र त्या शटलचा उल्लेखसुद्धा नसतो, आणि माणसं रांग बघून घाबरतात.

एका सकाळी आम्ही रेंजरसोबतच्या, म्हणजे उद्यानाच्या रक्षकासोबतच्या, बसफेरीत नाव नोंदवलं होतं. दोनेक तासांची फेरी, विनामूल्य. करड्या सदऱ्यातली, पसरट टोपी घातलेली एक तरुण मुलगी आमची वाटाड्या होती. तिनं आम्हाला एका कड्यासमोर उतरवलं आणि दगडातल्या तिरप्या रेघा दाखवल्या. एक थर डावीकडे कललेला, त्यावरचा उजवीकडे. या वाऱ्यानं रचलेल्या वाळूच्या टेकड्या आहेत, ती म्हणाली, डायनोसॉरच्या काळातल्या. वारा जिकडून वाहत होता ते या रेघांवरून आजही सांगता येतं. मग खाली पडलेल्या एका दगडावर बोट घासून बघा म्हणाली. घासलं, तर बोटाला गुलाबी वाळू लागली.

मी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. 'वालुकाश्म' हा शब्द किती वर्गांना लिहून दिला असेल त्याची गणती नाही. गोकाकच्या धबधब्यावर किती सहली नेल्या. घटप्रभा जिथून ५२ मीटर खाली कोसळते तो कडाही वालुकाश्माच्याच जातीचा, झायनच्या दगडाहून कितीतरी पटींनी जुना आहे. पण एकाही पोराला मी कधी म्हटलं नाही की वाक, हात लाव, हे कण बघ. धबधबा दाखवला, डबे खाल्ले, झुलत्या पुलावर फोटो काढले आणि पाच वाजता गाडीत बसवलं. झायनमध्ये त्या मुलीसमोर उभा असताना मला माझ्या सगळ्या सहली आठवल्या. म्हणून तुम्हाला सांगायचा हक्क मला आहे असं वाटतं. ही चूक मीही केलेली आहे.

त्याच दिवशी आम्ही 'वीपिंग रॉक' म्हणतात त्या झिरपत्या कड्याखाली गेलो. वर पडलेला पाऊस वालुकाश्मातून शेकडो वर्षं झिरपत खाली येतो, खालच्या चिकण थराला अडतो आणि कड्याच्या पोटातून बाहेर ठिबकतो. भर वाळवंटात तिथं नेच्यांची हिरवी झालर लटकते. हिनं ओंजळ धरली आणि म्हणाली, 'अगं, श्रावणात कणकुंबीला आल्यासारखं वाटतंय.' दोन वर्षांपूर्वी याच दरीत भोवळ येऊन पडलेली बाई ती. (पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये तिथं दरड कोसळली आणि ती वाट बंद करावी लागली. अशा गोष्टी निघण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावर पाच मिनिटांत कळतात. माहितीपत्रक दरवर्षी तेच छापून चालत नाही.)

दुसऱ्या दिवशी शेवटच्या थांब्यावरून नदीकाठची जाऊन-येऊन साडेतीन किलोमीटरची वाट हिनं स्वतःच्या पायांनी पुरी केली. वाट संपते तिथं नदी हीच पुढची वाट होते. भाड्यानं घेतलेल्या काठ्या टेकत लोक पाण्यातून आत जातात, दोन्हीकडे उभे कडे. आम्ही गेलो नाही आणि तुमच्या मंडळींनीही वाटाड्याशिवाय जाऊ नये. आकाश निळं असतं, पाऊस कुठेतरी वीस-तीस किलोमीटरवर पडतो आणि दरीत एकाएकी लोंढा येतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी याच उद्यानातल्या कीहोल कॅन्यन नावाच्या अरुंद घळीत सात जण असेच वाहून गेले. आपल्याकडे खानापूरच्या जंगलातला कुठलाही गवळी सांगेल की वर गरजलं की ओढा ओलांडायचा नाही. तिथं हे सांगणारा गवळी म्हणजे रेंजर. लोंढ्याचा धोका त्या दिवशी किती, हे उद्यान रोज जाहीर करतं. ते वाचून दाखवणं टूर मॅनेजरचं काम आहे.

माझं म्हणणं एवढंच की वाळवंटी उद्यान खिडकीतून दिसत नाही. ते पायी, सावकाश आणि माहितगाराबरोबर पाहावं लागतं. वाटाड्या हा शब्द आपलाच आहे. भीमगडाकडे जंगलातून जायचं तर आपण अमगाव-गवाळीकडचा माणूस शोधतो, सोबत घेतो, तो म्हणेल तिथं थांबतो. सातासमुद्रापार, अनोळखी उन्हात नेलेल्या वयस्कर माणसांना मात्र आपण 'पाऊण तासात या' म्हणून सोडून देतो.

तेव्हा माझी विनंती ऐका. चार उद्यानं चाटून घेण्यापेक्षा दोन करा आणि एकाला तरी पूर्ण दिवस द्या, शक्यतो जवळच्या गावात मुक्काम करून. जून-जुलैऐवजी सप्टेंबर अखेर किंवा ऑक्टोबर धरा. आपल्याकडचे बहुतेक प्रवासी निवृत्त आहेत, त्यांना मे महिन्याच्या सुट्टीशी काय देणंघेणं? पहाटे निघा. सकाळी लवकर रांग त्या मानानं कमी असते आणि ऊनही नसतं. रेंजरच्या फेऱ्या, छोट्या चालण्याच्या सहली त्या महिन्यात कोणत्या आहेत ते आधी बघा. नसतील तर परवानाधारक वाटाड्या घ्या आणि त्याचा खर्च उघडपणे शुल्कात लावा. लोक देतील. शोच्या तिकिटाला देतातच ना?

आणि रेंजर बोलेल ते मराठीत सांगणारं कुणीतरी बरोबर असू द्या. कानडीतही. आपल्या बसमध्ये दोन्ही लागतं. अमेरिकन उच्चार न कळल्यामुळे कितीतरी शहाणी, जाणती माणसं मागं उभी राहून नुसती मान डोलावत असतात, ते बघून मला फार वाईट वाटतं. माझ्या पहिल्या सहलीत खानापूर तालुक्यातले एक शेतकरी होते. माती हातात घेऊन वासावरून तिची जात सांगणारा माणूस! त्या मातीबद्दल त्यांना कुणी दोन शब्द सांगितले असते तर ते घरी येऊन वर्षभर बोलत राहिले असते.

मातीचं निघालंच आहे तर एक गोष्ट. युटातच आर्चेस नावाचं दुसरं उद्यान तुम्ही करता. तिथं वाटेबाहेर काळपट, फुगीर, खडबडीत माती दिसते. ती जिवंत आहे. सूक्ष्म जीव, शेवाळ, दगडफूल यांनी मिळून धरलेला तो थर वाळू उडू देत नाही आणि पाणी धरून ठेवतो. एक पाऊल पडलं की मोडतो, आणि भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. फोटोसाठी आपली माणसं बिनदिक्कत त्यावर जातात, कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. तिथल्याच 'फायरी फर्नेस' या दगडांच्या चक्रव्यूहात तर रेंजरबरोबर किंवा वेगळ्या परवान्यावरच जाता येतं.

ग्रँड कॅन्यन या खोल दरीबाबत मात्र निक्षून सांगतो. तिथं आपण माथ्यावर पोचतो आणि वाट खाली उतरते. आपली माणसं गड चढलेली आहेत. राजहंसगड, सामानगड, पारगड त्यांना ठाऊक आहेत. गडाचा हिशेब असा की दम लागतो तो सुरुवातीला, ताज्या पायांनी, सकाळच्या गारव्यात. दमलेला माणूस उतरतो. कॅन्यनचा हिशेब नेमका उलटा आहे. उतरताना हुरूप येतो, खाली खाली उष्मा वाढत जातो आणि चढ येतो तो दमल्यावर, उन्हात, तोही दोन हजार मीटरहून उंचावरच्या विरळ हवेत. 'थोडं खाली जाऊन येतो' म्हणणाऱ्या सत्तरीच्या काकांना हा उलटा हिशेब माथ्यावरच समजावून द्या. माथ्यावर फिरायला तिथंही १९७४ पासून मोफत बस आहे. पश्चिमेकडचा हर्मिट रस्ता तर मार्च ते नोव्हेंबर खाजगी गाड्यांना बंदच असतो. त्या बसनं थांब्याथांब्यावर उतरत कड्यावरून सपाटीनं चाललं, तर गुडघे दुखणाऱ्यालाही कॅन्यन भरपूर मिळतं.

परवान्यांकडेही लक्ष द्या. झायनमधल्या एंजल्स लँडिंगच्या सुळक्यावर एप्रिल २०२२ पासून सोडतीतून परवाना मिळाला तरच जाता येतं. पत्रकात त्याचा फोटो छापू नका. उद्यानात व्यवसाय म्हणून माणसं न्यायची तर व्यावसायिक परवानाही लागतो. तुमच्या तिथल्या भागीदाराकडे तो आहे का, विचारा. आणि १ जानेवारी २०२६ पासून झायन व ग्रँड कॅन्यन धरून ११ मोठ्या उद्यानांत परदेशी प्रौढ पर्यटकांना नेहमीच्या शुल्काखेरीज माणशी १०० डॉलर पडतात. एवढे पैसे भरून आमच्या लोकांनी पाटीशेजारी उभं राहून फोटो काढायचा का?

शेवटचं काम इथलं, बेळगावातलं. निघण्यापूर्वी तुम्ही जी बैठक घेता तिच्यात व्हिसा, विमा आणि बॅगेचं वजन यांवर दोन तास जातात. पाण्यावर दहा मिनिटं द्या. वाळवंटात दिवसाला माणशी चार लिटर लागतं हे सांगा, बाटल्या किती आणि कोणत्या न्यायच्या ते दाखवा. बरोबर खारे शेंगदाणे, मीठ-साखरेच्या पुड्या, कडक भाकरी द्या. गाडी दर दोन तासांनी थांबेल हे सगळ्यांसमोर मोठ्यानं जाहीर करा, म्हणजे बायकांना वेगळं सांगावं लागणार नाही. नव्या बुटांत कुणी येऊ नये. महिनाभर आधी रोज सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात चालायला सांगा आणि एखाद्या रविवारी सगळ्यांना राजहंसगडावर घेऊन जा. कोण कितपत चालतं हे तुम्हालाही कळेल, त्यांनाही कळेल, आणि अनोळखी माणसं एकमेकांची होतील.

त्या रविवारी मला बोलवा. मी येईन. ही पण येईल. कुठल्या थांब्यावर काय सोय आहे याचा नकाशा तिनं अजून जपून ठेवला आहे, आणि बायकांशी बोलायचं ते तीच नीट बोलेल.

आपला,
टिळकवाडीतील एक निवृत्त भूगोल शिक्षक

ता. क. : परतीची शेवटची शटल किती वाजता सुटते हे सकाळीच सगळ्यांच्या वहीत लिहून द्या. ती चुकली तर अंधारात दहा-बारा किलोमीटर चालत यावं लागतं, आणि दरीच्या बऱ्याच भागात मोबाइलला रेंज नसते.